सुळे नंतर, आधी हात बघा: सेबरटूथच्या पायांची हाडं कशी वाचायची

सेबरटूथचा, म्हणजे तलवारीसारखे लांब सुळे असलेल्या नामशेष शिकारी प्राण्याचा, फोटो दिसला की नजर आधी सुळ्यांवर जाते, माझीपण इतकी वर्षं तिथेच अडकायची. मग एकदा लॉस एंजेलिसला आतेबहिणीकडे राहायला गेले होते तेव्हा ला ब्रेआ टार पिट्सचं (डांबराचे खड्डे, ज्यांत हिमयुगातले प्राणी अडकून मेले) म्युझियम बघायला गेलो, तिथे डांबरात मुरून तपकिरी झालेला स्मायलोडॉनचा, म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध सेबरटूथचा, सांगाडा उभा आहे, सुळे बघून झाले, फोटो काढून झाले आणि मग सहज नजर खाली गेली ती पुढच्या पायाच्या वरच्या हाडावर, आणि मी तिथून हललेच नाही. एवढं आखूड आणि एवढं जाड हाड मांजरकुळातल्या कुणाचं असू शकतं हे डोक्यातच नव्हतं. त्याच म्युझियममध्ये अमेरिकन सिंह पण आहे, तोही नामशेष, आजच्या सिंहापेक्षा मोठा, पण त्याचा पाय बघून सिंहाचाच पाय वाटतो. स्मायलोडॉनचा पाय मला पाय वाटलाच नाही, हात वाटला. पैलवानाचा हात.

तर हे शिकायचं कसं ते सांगते. हाडांचा चांगला फोटो किंवा थ्रीडी स्कॅन समोर असेल तर हा प्राणी धावून पकडणारा होता की धरून लोळवणारा, हे घरी बसून बऱ्यापैकी सांगता येतं, डिग्री लागत नाही, चिकाटी लागते. आणि हो, आधी एक सवय सोडा, सेबरटूथ "वाघ" म्हणायची. वाघाशी ह्यांचं जवळचं नातं नाही. स्मायलोडॉन मांजरकुळातलाच, पण मॅकायरोडॉन्ट म्हणून जी वेगळी फांदी आहे तिच्यावरचा, आणि आज त्या फांदीवरचं कुणीच जिवंत नाही. काही सेबरटूथ तर मांजरकुळातलेही नाहीत, त्यांच्याकडे पुढे येतेच.

हातच का बघायचे

वाघ-सिंह-बिबट्या ह्यांचा सुळा आडवा कापला तर जवळपास गोल दिसेल, गाजरासारखा. तो कुठूनही हिसका बसला तरी बऱ्यापैकी टिकतो, म्हणून सिंह रेड्याचा गळा धरून कित्येक मिनिटं लोंबकळू शकतो, गुदमरवून मारतो. स्मायलोडॉनचा सुळा लांब आणि दोन्ही बाजूंनी चपटा. पुढून-मागून जोर आला तर तो चिवट आहे पण बाजूने हिसका बसला की मोडायची भीती. त्यात जबडा उघडायचा ११०-१२० अंशांपर्यंत (सिंहाचा साधारण ६५-७०), आणि इतका उघडणारा जबडा ताकदीने चावू शकत नाही, २००७ मध्ये कॉम्प्युटर मॉडेलवर तपासलं तेव्हा त्याचा चावा सिंहाच्या जेमतेम एक तृतीयांश निघाला.

म्हणजे बघा, हत्यार जबरदस्त पण नाजूक. भक्ष्य तडफडत असताना ते वापरायचंच नाही. आधी भक्ष्य गप्प झालं पाहिजे, खाली दाबलं गेलं पाहिजे, मान एका जागी स्थिर झाली पाहिजे आणि मगच सुळा आत जायचा. हे गप्प करणार कोण? हात. म्हणून सुळा जसजसा लांब होत गेला तसतसा हात जाड होत गेला, आणि हे एकाच प्राण्यात नाही, वेगवेगळ्या कुळांमध्ये झालेलं आहे. जीवाश्मांच्या अभ्यासक ज्युली मीचेन ह्यांनी २०१२ मध्ये निम्रॅव्हिड, बार्बुरोफेलिड (दोन्ही मांजरांसारखी दिसणारी पण वेगळी, नामशेष कुळं) आणि खरी मांजरं अशी तीन कुळं एकत्र मांडून हेच दाखवलं. सुळे आणि हात हे जोडीचं काम आहे, एकट्या सुळ्यांवरून गोष्ट सांगितली की ती अर्धीच राहते.

काय काय लागेल

मॉर्फोसोर्स नावाची साइट आहे, तिथे म्युझियमवाले हाडांचे स्कॅन टाकतात, बरेचसे नुसते बघता येतात, काही डाउनलोड होतात. डाउनलोड झालेलं हाड ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडून मोजता येतं. फोटोवरून मोजायचं तर इमेजजे हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, पण फोटोत स्केल असलीच पाहिजे, आणि हाड कॅमेऱ्याला तिरकं नको, नाहीतर लांबी कमी दिसते आणि तुम्ही धावऱ्याला पैलवान करून बसाल. वही-पेन. आणि सरावाला दोन गोष्टी ज्या बहुतेकांकडे सहज मिळतात: मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा पुढचा पाय, आणि घरातली किंवा सोसायटीतली एखादी मांजर (जिवंत, खेळकर असली तर उत्तम).

हाडं ओळखा, स्वतःच्या हातावर

आपला हात टेबलावर ठेवा. खांदा ते कोपर दंडाचं एकच हाड, ह्युमरस. कोपर ते मनगट दोन हाडं, अंगठ्याच्या बाजूची रेडियस आणि करंगळीच्या बाजूची अल्ना, कोपर टेकवल्यावर जे टोक टेबलाला लागतं ते अल्नाचं. मग मनगटाची बारकी बारकी हाडं, मग तळहाताची लांब हाडं ज्यांना मेटाकार्पल म्हणतात, मग बोटांची पेरं. मांजरात अगदी हेच सगळं आहे, फक्त ती बोटांवर चालते त्यामुळे पुढच्या पायाचा जो "गुडघा" वाटतो तो खरं तर मनगट असतं. नवीन लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात, मनगटाला गुडघा धरून सगळी हाडं एक घर वर सरकवतात.

आता बकऱ्याचा पाय बघा. कोपराखाली रेडियस आणि अल्ना एकमेकांना चिकटून एकच झालेत, आणि मेटाकार्पल दोनाचं एक होऊन लांब नळी झालीये, तीच आपण पायाच्या सूपमध्ये घालतो. बकऱ्याला तळहात वर करताच येत नाही. त्याला गरजही नाही, त्याला पळायचंय. पळणाऱ्या प्राण्यात पायाचा खालचा भाग लांब आणि हलका होत जातो, वळायची सोय कमी होत जाते. हे एक टोक डोक्यात पक्कं बसवा, आता आपण दुसऱ्या टोकाला जाणार आहोत.

पहिलं माप: खालचं भागिले वरचं

रेडियसची लांबी घ्या, ह्युमरसच्या लांबीने भागा, शंभरने गुणा. समजा ह्युमरस ३० सेंमी आणि रेडियस २४ सेंमी, तर आला ८०. ह्याला ब्रॅकियल इंडेक्स म्हणतात. आकडा जितका मोठा तितका पायाचा खालचा भाग लांब, तितका प्राणी धावण्याकडे झुकलेला. चित्त्याचा शंभरच्या आसपास येतो, म्हणजे दोन्ही हाडं जवळपास सारखी लांब. स्मायलोडॉनचा वाघ-सिंहांच्याही खाली जातो. कारण साधं आहे, पहार आखूड धरली की जोर जास्त लागतो पण टोक कमी अंतर फिरतं. आखूड हात हळू हलतो पण दाबून धरायला ताकद देतो.

एक काळजी घ्या. ला ब्रेआमध्ये स्मायलोडॉनच्या २,००० पेक्षा जास्त प्राण्यांची हाडं निघाली, पण ती डांबरात एकमेकांत मिसळून गेलेली, ह्याचा दंड त्याचं मनगट असा सगळा गोंधळ. त्यामुळे तिथला एक ह्युमरस आणि एक रेडियस उचलून "ह्या प्राण्याचा इंडेक्स" काढायचा नाही, दोन वेगळ्या प्राण्यांची हाडं असण्याचीच शक्यता जास्त. पुष्कळ हाडांची सरासरी घ्यायची. आणि लांबी मोजताना प्रत्येक वेळी तेच टोक ते तेच टोक, आज सांध्यापासून आणि उद्या सगळ्यात उंच उंचवट्यापासून असं केलंत तर आकडे फुकट.

दुसरं माप: जाडी, बाहेरून आणि आतून

माझ्या मते सगळ्यात बोलकं माप हे, म्हणून इथे जरा थांबते. बाहेरची जाडी सोपी आहे, हाडाच्या मधोमध रुंदी घ्या आणि लांबीने भागा. पण हाड भरीव नसतं. मटणातली नळी आठवा, मधे मगज आणि भोवती हाडाची भिंत. आडवी तोडलेली नळी हातात घ्या आणि भिंत किती जाड आणि पोकळी किती मोठी हे नीट बघा, स्केलने मोजून वहीत लिहा. सेबरटूथच्या बाबतीत हेच बघायचं असतं, फक्त कुणी हाड तोडून देणार नाही, म्हणून एक्सरे.

मीचेन आणि ब्लेअर व्हॅन व्हॅल्केनबर्ग ह्या दोघींनी २०१० मध्ये नेमकं हेच केलं. स्मायलोडॉनच्या दंडाच्या आणि मांडीच्या हाडांचे एक्सरे काढले आणि आजच्या मांजरकुळातल्या प्राण्यांशी आणि अमेरिकन सिंहाशी ताडून बघितले. दंडाचं हाड बाहेरून तर जाड होतंच, आतली भिंतपण इतकी जाड निघाली की आजची कुठलीच मांजर जवळ येत नाही. मांडीच्या हाडात तसं वेगळेपण दिसलं नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण प्राणी नुसता वजनदार असता तर चारही पाय सारखेच जाड झाले असते. फक्त पुढचेच जाड झाले म्हणजे ताण चालण्याचा नव्हता, पुढच्या पायांनी काहीतरी वेगळं काम चाललं होतं, चारी बाजूंनी ओढाताण होत असलेलं काम. रानरेडा हिसके देतो तेव्हा ताण कुठल्या दिशेने येईल ते आधी सांगता येत नाही ना, म्हणून सगळीकडून भक्कम.

आता हुशार वाचक विचारेल की जिममध्ये जाऊन माणसाची हाडंपण जाड होतात, टेनिस खेळणाऱ्याचा खेळायचा हात दुसऱ्या हातापेक्षा दणकट असतो, मग स्मायलोडॉनचे हात मारामारी करून करून जाड झाले नसतील कशावरून? रास्त प्रश्न आहे आणि त्याला उत्तर आहे. ला ब्रेआत पिल्लांची हाडंपण सापडलीत. २०१७ मध्ये ती मोजली गेली तेव्हा दिसलं की पिल्लं आधीपासूनच दणकट हाडांची होती, आणि मोठी होताना हाडं लांब व्हायची चाल बाकी मांजरांसारखीच होती. म्हणजे जाडपणा कमावलेला नव्हता, जन्माचाच होता. उत्क्रांतीबद्दल बोलायचं तर हा पुरावा हातात असल्याशिवाय बोलूच नये असं मला वाटतं, कारण नाहीतर आपण व्यायाम आणि वारसा ह्यांची गल्लत करतो.

कोपर आणि मनगट

ह्युमरसचं खालचं टोक समोरून बघा. आतल्या बाजूला एक उंचवटा बाहेर आलेला असतो, आपल्यालाही आहे, कोपराच्या आत बोटाने दाबलंत तर लागतो. मनगट आणि बोटं मुडपणारे, म्हणजे पकड घट्ट करणारे स्नायू तिथून निघतात. उंचवटा जितका रुंद तितकी स्नायूंना जागा जास्त. म्हणून कोपराची पूर्ण रुंदी भागिले हाडाची लांबी हे माप वहीत लिहा, पकडणाऱ्या प्राण्यांत ते मोठं येतं. त्याच उंचवट्याच्या वर मांजरकुळात हाडाचा एक बारीक पूल असतो, खाली आरपार भोक, त्यातून हाताचा एक मज्जातंतू आणि एक रक्तवाहिनी जाते. हे भोक फोटोत दिसलं की ओळख पटायला फार मदत होते, मी तर आधी तेच शोधते.

मग अल्नाचं वरचं टोक, कोपराचं टोक. कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू ह्यावर ओढतो, त्यामुळे हे टोक म्हणजे पहारीचा आपल्या हातातला भाग. लांब असेल तर दाबायला जोर जास्त. ह्युमरसच्या पुढच्या अंगावर वरून खाली उतरणारी एक धार असते, खांदा आणि छातीचे स्नायू तिला चिकटतात, ती किती खालपर्यंत उतरते ते पण बघा. स्मायलोडॉनमध्ये ती ठसठशीत आहे, बोट फिरवलं तर अडकेल अशी.

मनगटासाठी मांजरीला कामाला लावा. सुतळी हलवा आणि बघा ती पंजा कसा फिरवते, तळवे एकमेकांकडे वळवून दोन्ही पंजांत सुतळी दाबते. कुत्र्याला हे नीट जमत नाही. हे वळणं शक्य होतं कारण रेडियस अल्नाभोवती फिरते, आणि रेडियसच्या वरच्या टोकाचा सांध्याचा भाग जितका गोलसर तितकं फिरणं मोकळं. चपटा लांबट असेल तर फिरणं कमी. आमच्या गुंडीला मी ह्यासाठी इतक्या वेळा सुतळी दाखवलीये की ती आता वही बघितली तरी येऊन बसते.

नख्यांकडे जाताना अंगठ्याचं नख विसरू नका. मांजरीचा अंगठा जमिनीला टेकत नाही, वर राहतो, त्यामुळे ते नख झिजत नाही आणि आकड्यासारखं धारदार राहतं. वाघनखं आठवा, बोटांच्या आत लपलेली आणि धरताना बाहेर येणारी, तेच तत्त्व. सेबरटूथ मांजरांमध्ये अंगठ्याचं हे नख भलतंच मोठं होत गेलं. इतर बोटांची नखं किती मोठी आणि आत ओढली जातात का हेही बघायचं, कारण पुढच्या सरावात त्यानेच निकाल लागणार आहे.

मागचे पाय, थोडक्यात

स्मायलोडॉनचे मागचे पाय आखूड, घोट्याखालची हाडं आखूड, कंबर आखूड, शेपूट तर अगदी बुटकं. वेगात वळताना चित्त्याला तोल सांभाळायला लांब शेपूट लागतं, ह्याला त्याची गरज पडलेली दिसत नाही. दबा, झेप, पकड, बस.

एक गोष्ट मात्र मनात राहते. ला ब्रेआत एका स्मायलोडॉनचं कमरेचं आणि मांडीचं हाड आहे, खुब्याचा सांधा वाकडातिकडा झालेला, गाठी आलेल्या. पूर्वी वाटायचं दुखापत झाली असेल. २०२१ मध्ये स्कॅन करून कळलं की तो जन्मापासूनचा दोष होता, मोठ्या कुत्र्यांमध्ये असतो तसा हिप डिस्प्लेजिया. म्हणजे हा प्राणी कधीच नीट धावू शकला नसेल, एकट्याने मोठी शिकार करणं कठीण, आणि तरी तो पूर्ण वाढीपर्यंत जगला. बाकीचे त्याला खाऊ देत असतील, सांभाळत असतील असं अभ्यासकांचं मत आहे आणि मला ते पटतं.

जखमांचा नकाशा

मापं झाल्यावर हा भाग करा, कारण ह्याने मापांची पडताळणी होते. २०१७ मध्ये ला ब्रेआची ३५,००० पेक्षा जास्त हाडं बघून स्मायलोडॉन आणि डायर वुल्फ (हिमयुगातला नामशेष लांडगा) ह्यांच्या दुखापती मोजल्या गेल्या. स्मायलोडॉनच्या ४.३ टक्के हाडांवर खुणा, डायर वुल्फच्या २.८ टक्के. पण आकड्यापेक्षा जागा बघा. स्मायलोडॉनच्या खुणा खांद्यात आणि कमरेच्या मणक्यांत गोळा झाल्यात, लांडग्याच्या पायांवर, घोट्या-मनगटांपाशी. पाठलाग करताना लाथ बसते ती पायांवर, आणि अंगाला अंग भिडवून ओढाओढ करताना भरतो तो खांदा आणि कंबर. कुस्ती खेळणाऱ्या कुणालाही विचारा.

आता सराव

चार प्राणी घ्या. पहिला स्मायलोडॉन, तो झालाच, फक्त त्यातल्या जाती वेगळ्या ठेवा: ग्रॅसिलिस लहान (५५-१०० किलो), फेटॅलिस मधला (१६०-२८० किलो), आणि दक्षिण अमेरिकेतला पॉप्युलेटर राक्षसी, २२० पासून ४०० किलोपर्यंत. पॉप्युलेटरचं नाव पीटर लुंड ह्यांनी १८४२ मध्ये ब्राझीलच्या लागोआ सांताजवळच्या गुहांमधल्या हाडांवरून दिलं.

दुसरा होमोथेरियम. ह्याचे सुळे तुलनेने आखूड, रुंद आणि दातेरी. स्मायलोडॉनचा सुळा कट्यार म्हटला तर ह्याचा दातेरी विळा. हात बघा: लांब, सडपातळ, पुढचे पाय मागच्यांपेक्षा उंच त्यामुळे पाठ तरसासारखी मागे उतरती, बोटांची नखं लहान आणि पूर्ण आत न जाणारी, पण अंगठ्याचं नख मोठं. वहीत लिहिलेली मापं लावलीत तर उत्तर आपोआप येतं, हा पळू शकणारा, लांब अंतर कापणारा, आणि पकडीची सगळी भिस्त अंगठ्यावर. टेक्सासमध्ये सान अँटोनियोजवळ फ्रिझेनहान गुहेत होमोथेरियमबरोबर शेकडो मॅमथ-पिल्लांचे अवशेष निघाले. उघड्या माळावरून पिल्लू गाठायचं तर असेच पाय लागणार.

इथपर्यंत सगळं छान बसतं, कट्यार-सुळा म्हणजे पैलवान आणि विळा-सुळा म्हणजे धावरा. आणि मग येतो तिसरा, झेनोस्मायलस, फ्लोरिडाच्या खाणीत सापडलेला, २००० मध्ये नाव मिळालेला. सुळे होमोथेरियमसारखे रुंद दातेरी, पण पाय आखूड आणि दणदणीत, पैलवानाचे. नियम मोडला! म्हणूनच मी म्हणते की सुळा बघून हात गृहीत धरायचा नाही, हात वेगळा मोजायचा. एका फांदीवर दात एका दिशेला आणि पाय दुसऱ्या दिशेला जाऊ शकतात, शिकारीच्या पद्धती दोनच नव्हत्या.

चौथा सगळ्यात अवघड, थायलॅकोस्मायलस. अर्जेंटिनात कातामार्का प्रांतात १९२६ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या मोहिमेला सापडला. हा मांजर नाहीच, ह्याचं नातं कांगारू-ओपॉसम ह्यांच्या बाजूचं. सुळे आयुष्यभर वाढत राहणारे, उंदराच्या दातांसारखे. दंडाचं हाड भक्कम, पण नखं आत ओढता न येणारी. आणि पुढचे कातरायचे दात, ज्यांनी बाकीचे सेबरटूथ मांस ओढून काढतात, ते वरच्या जबड्यात दिसतच नाहीत. २०२० मधल्या एका अभ्यासाने म्हटलं की हा स्मायलोडॉनसारखा मारत नसणारच. माझं मत विचाराल तर हात पकडीचा आहे हे खरं, पण आकड्यासारखी नखं नसलेला हात मांजरासारखा अडकवू शकत नाही, त्यामुळे "सारखाच दिसतो म्हणजे सारखंच वागतो" हे इथे म्हणू नका.

काळाच्या दोरीवर टांगा

उत्क्रांती बघायची तर प्राणी एकापुढे एक लावावे लागतात. माद्रिदजवळ सेरो दे लोस बातायोनेस म्हणून टेकडी आहे, १९९१ मध्ये तिथे जीवाश्मांचा खजिना उघडा पडला. साधारण ९० लाख वर्षांपूर्वी ती नैसर्गिक सापळा होती, शिकारी आत उतरायचे आणि वर येता यायचं नाही. तिथला प्रोमेगांटेरियॉन बिबट्याएवढा, सुळे लांब व्हायला नुकती सुरुवात झालेले, स्मायलोडॉनच्या मानाने काहीच नाहीत. पण हात? हात आधीच ताकदवान, अंगठ्याचं नख आधीच मोठं. सुळे अजून टोकाला गेले नव्हते तेव्हाच पकड तयार होत होती. मला ह्या अख्ख्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

त्याच्या पुढे मेगांटेरियॉन ठेवा, आणि हा आपल्याकडेही होता बरं का. शिवालिक टेकड्यांमधून मिळालेल्या मेगांटेरियॉनच्या जातीला फाल्कनेरी नाव आहे, ह्यू फाल्कनर ह्यांच्यावरून, जे १८३० च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पती बागेचं काम बघता बघता शिवालिकमधली हाडं गोळा करत होते. सुळे लांब, हात दणकट, मान लांब. मग त्याच धाग्यावर अमेरिकेत ग्रॅसिलिस, आणि त्यानंतर फेटॅलिस आणि पॉप्युलेटर. वहीतली मापं ह्या क्रमाने लिहा, एका ओळीत सुळा, खालच्या ओळीत हात. शेवट साधारण १३ हजार वर्षांपूर्वी ला ब्रेआत फेटॅलिस दिसेनासा होतो तिथे.

आणि हे एकदाच झालेलं नाही. डायनासोरांच्याही आधी, पर्मियन काळात, गॉर्गोनॉप्सियन नावाच्या प्राण्यांना असे सुळे होते. नंतर मशेरॉइडिस (हाही मांजर नव्हे) आणि त्याचे भाऊबंद, मग निम्रॅव्हिड (साउथ डकोटाच्या बॅडलँड्समधला होप्लोफोनियस शोधून बघा, लहानखुरा आणि बसका), मग थायलॅकोस्मायलसचं घराणं, मग खरी मांजरं. प्रत्येक वेळी नव्याने.

शेवटचं माप जे तुम्ही स्वतः फोटोवरून घेऊ शकता ते पिल्लाचं. सैबेरियातल्या याकुतियामध्ये बाद्यारिखा नदीकाठी २०२० मध्ये गोठलेल्या जमिनीतून होमोथेरियमचं पिल्लू निघालं, डोकं, छाती आणि पुढचे पाय शाबूत, जेमतेम तीन आठवड्यांचं, ३५ हजारांहून जास्त वर्षं जुनं. अंगावर गडद तपकिरी दाट केस. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याचे फोटो सगळीकडे आले. सुळे अजून दिसत नाहीत, पण पंजा बघा. तेवढ्याच वयाच्या सिंहाच्या छाव्याशेजारी ठेवला तर ह्याचा पंजा गोल, रुंदी जवळपास लांबीएवढी, मनगटाची गादी नाहीच, आणि पुढचा पाय छाव्यापेक्षा लांब. स्केल फोटोतच आहे, इमेजजे उघडा आणि तिथून सुरुवात करा.